टाकीतलं चालणं

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लावून पाठवलीय. जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी तीर्थपुरीच्या बाजूला, पण खुर्चीत बसून शिकवलेला एक तास आठवत नाही. खुर्ची असायची. तिच्यावर माझी पर्स बसायची. अशा बाईला साठीच्या तोंडावर कंपवात झाला.

हात थरथरतो, ते मी फारसं मनावर घेतलं नाही. चहाचा कप अर्धाच भरायचा, संपलं. पण वर्षभरात पाय अडायला लागले. दारात, उंबऱ्यापाशी, ओट्यापुढून वळताना. मनाने मी पुढच्या खोलीत पोचलेली असते, खांदेही निघालेले असतात, आणि तळवे फरशीला चिकटून मागेच. बघणाऱ्याला वाटतं, बाई काहीतरी विचार करत उभ्या आहेत. मी विचार करत नसते, मी माझ्याच पायांना शिव्या देत असते, शिक्षिकेला न शोभणाऱ्या. आधी मोरीच्या दारात पडले, मग गेटपाशी, मग स्वयंपाकघरात, आणि तिसऱ्या वेळी डावं मनगट मोडलं.

त्यानंतर घरात माझ्याशी बोलायला एकच शब्द उरला: बस. मुलगा पुण्याहून फोन करायचा, "आई, तू फक्त बसून राहा." शेजारीण यायची, "बसा हो बाई, कशाला उठता." आणि माझे यजमान तर दिवसभर तेच. हे साखर कारखान्यात फिटर होते, अंकुशनगरच्या कॉलनीत आमची वीस-बावीस वर्षं गेली. बेअरिंग जायच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. निवृत्त होऊन जालन्यात घर बांधलं, आणि मशिनी सुटल्या तशी त्यांच्या तावडीत मी सापडले. मी पलंगावरून पाय खाली सोडला की हे हजर. दंड धरून न्यायचे, दंड धरून आणायचे. माझ्या दंडावर त्यांच्या चार बोटांचे वळ उठायला लागले, इतकं घट्ट.

जानेवारीतली दुपार होती. हे भाजी आणायला गेले. मला पाणी प्यायचं होतं म्हणून उठले, भिंत धरत दारापर्यंत आले, आणि दार उघडेना. बाहेरून कडी. मला आधी वाटलं, दार फुगलं असेल. मग लक्षात आलं. मी दार बडवलं, हाका मारल्या, आणि मग नुसती उभी राहिले.  अर्ध्या तासाने हे आले, हातात मेथीची जुडी.

"अगं, तू उठून पडली असती म्हणून लावली. अर्ध्या घंट्याची तर बात."

मी जुडी हिसकून अंगणात भिरकावली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या अंगावर किती ओरडले असेन, पण वस्तू फेकली नव्हती. हे अंगणात उकिडवे बसून एकेक काडी वेचायला लागले. त्यांची पाठ दिसत होती मला. 

मी दारातूनच म्हटलं, "एप्रिल संपेपर्यंत मला द्या. तोवर मला माझी माझी चालता आलं न्हाई, तर तुम्ही म्हणाल तिथं बसीन. खाटेवर बसवा, कड्या लावा. हूं का चूं करणार न्हाई."

शेवटची काडी उचलून हे म्हणाले, "बरं." मेथी त्यांनी धुतली आणि भाजीही त्यांनीच टाकली. मी जेवले नाही.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीखाली एक ओळ लिहिली होती, पाण्यातला व्यायाम. ती ओळ आम्ही दोघांनीही वाचून सोडून दिली होती. नळाला पाणी कधी आठवड्याने, कधी दहा दिवसांनी येणाऱ्या गावात पाण्यातला व्यायाम म्हणजे चेष्टाच. पण चौकशी केली तर निघालं, धान्याच्या मोंढ्याजवळ एका मुलीने तशी टाकी बांधलीय. मुलगी मारवाडी घरातली, पिढ्यान् पिढ्या इथलीच. आजोबांचं सरकीचं गोदाम होतं, ते ओस पडलेलं. ती फिजिओथेरपी शिकून आली, तिने गोदामाच्या मध्यभागी टाकी बांधून घेतली. खोली सरसकट छातीएवढी, वीसेक फूट लांब, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, तळाला खरबरीत फरशी, छपरावर उन्हाने पाणी कोमट करायच्या नळ्या. सरकीचा वास मात्र भिंतींतून गेलेला नव्हता.

"काकू, जल्दी नाही करायची," तिने पहिल्या दिवशी सांगितलं. "पाण्यात वजन कमी लागतं. पडायची भीती नाही, म्हणून पाय मोकळे होतात. पाण्यात सवय झाली की मग जमिनीवर. पण एक सांगते, माझी बोअर एप्रिलपर्यंतच. मग टाकी बंद, थेट पाऊस पडून बोअर भरेपर्यंत."

म्हणजे माझी मुदत आणि तिच्या बोअरची मुदत एकच. मला हसू आलं. शेजारणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "इथं प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही पाण्यात फिरायला चालल्या?"  तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालणारी बाई मी. टाकीत उतरताना प्रत्येक वेळी मला लाज वाटायची, कपड्यांची नव्हे, पाण्याची. कपड्यांची पहिल्या दिवशी वाटली. साडी नेसूनच उतरले होते, तर साडी फुगून माझ्याभोवती वर आली आणि मी मध्ये. दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस. आयुष्यात पहिल्यांदा घातला. हे बघतच राहिले. "काय बघता?" म्हटलं, तर म्हणाले, "काय न्हाई. बराबर दिसून राह्यली."

आता खरी गंमत. गंमत म्हणते, पण तेव्हा ती गंमत नव्हती. ती मुलगी माझ्यासमोर पाण्यात उभी, माझे दोन्ही हात तिच्या हातात. म्हणाली, "चला, उजवा पाय पुढे." आणि माझे दोन्ही पाय उचलले गेले. मी आडवी झाले, हात मारले, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पलीकडच्या भिंतीला जाऊन लागले.

"काकू! पोहायचं नाही, चालायचं आहे!"

मला सोडायला आलेले हे वर काठावरून ओरडले, "अरे, हिला पोहता येतं?" लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. विषयच निघाला नव्हता.

माझं माहेर केदारखेड्याच्या जवळ. चुलत्यांच्या मळ्यात विहीर होती, पन्नास हात खोल. उन्हाळ्यात चुलत भावंडांबरोबर चुलते मलाही घेऊन जायचे. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि ढकलून द्यायचे. शिकवण एकच. "खाली पाय शोधू नको. तळ न्हाईच असं समज. पाय शोधायला गेली की गेली." दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला. तिसऱ्या उन्हाळ्यात मी मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यावरून उडी मारायचे, भावांच्या आधी. पाय वर ओढून घ्यायची ती सवय माझ्या हाडात बसली होती, आणि पन्नास वर्षं पाण्यात न उतरताही ती तिथेच होती. औषधांनी, आजाराने, कशानेही हलली नव्हती.

त्या मुलीने कधी विहीर आतून पाहिलेली नव्हती. तिला समजेना, की छातीएवढ्या पाण्यात, तळ दिसतोय, फरशीचे चौकोन मोजता येतायत, तरी या बाईचे पाय खाली का टेकत नाहीत. मला समजत होतं, पण जमत नव्हतं. तिने पाय दाबून धरून पाहिले, घोट्यांना वजनं बांधून पाहिली. वजनं बांधली की मी आणखी घाबरायचे आणि आणखी जोरात हात मारायचे. दोन आठवडे असेच गेले.

आणि खरं सांगते, त्यातला एक भाग मी मुद्दाम घालवला. पोहताना माझं शरीर माझं ऐकत होतं. थरथर नाही, अडणं नाही. मी पाठीवर पडून गोदामाच्या पत्र्याकडे बघायचे आणि वाटायचं, चुलीत गेलं ते चालणं. वर आले की शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय अडायचा आणि हे दंड पकडायचे. एकदा मी त्या पोरीवर खेकसले, "पोहू दे ना मला. तुझं काय जातं?"

ती शांतपणे म्हणाली, "माझं काही नाही जात, काकू. घरात तुम्ही पोहत जाणार का स्वयंपाकघरात?"

मला तिचा राग आला, कारण बिलकुल बरोबर बोलली होती. घरी येईपर्यंत मी स्कूटरवर मागे बसून धुमसत होते. फेब्रुवारी संपत आला होता.

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. नळ अंगणात खालच्या अंगाला आहे, धार बारीक, आणि हे हंडे-कळश्या भरून आत नेत होते. मी दारात उभी. एक कळशी भरून तशीच राहिली होती, आणि हे मागच्या बाजूला. मी काही ठरवलं नाही. पायरी उतरले, वाकले, कळशी कमरेवर घेतली आणि आत चालत आले. उंबरा ओलांडला. ओट्यावर कळशी ठेवली, आणि ठेवल्यावर जागच्या जागी खिळले. आता पाय उचलेना. पण आत आले होते. हे मागच्या दाराने आले, कळशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोणी आणली?"

"मी."

"धरून?"

"काही धरलं न्हाई. कळशी धरली."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर पुढे, त्यांच्या पायांमध्ये, आमची स्टीलची कळशी होती. त्या मुलीने डोक्याला हात लावला. "काकू, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही." मी म्हटलं, तुझ्या पुस्तकवाल्याने पाणी भरलेलं नसणार. पाण्यात उतरले, कळशी बुडवून भरली, अर्धी पाण्याबाहेर राहील अशी कमरेच्या जरा वर घेतली, उजवा हात कळशीच्या गळ्याभोवती. आणि तळवे खाली गेले. टेकले. फरशीचा खरबरीतपणा बोटांना लागला. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. वीस फूट चालत गेले. ती पोर टाळ्या वाजवत होती, हे वरून "हां, हां" करत होते, आणि मी पलीकडच्या भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागले.

त्यांना वाटलं आनंदाने. आनंद होताच. पण मी रडत होते ते संतापाने. अकराव्या-बाराव्या वर्षी एक दिवस आईने सांगितलं, आता विहिरीत उतरायचं नाही, मोठी झालीस. त्याच आठवड्यात माझ्या कमरेवर कळशी आली, त्याच विहिरीतून भरलेली. भाऊ उड्या मारायचे आणि मी काठावरून पाणी वाहून न्यायचे. त्यांचं अंगावर उडालेलं पाणी पुसत. कुणी जुलूम केला नाही, सगळ्या घरांत तसंच होतं. पण माझे पाय पाण्यात मोकळे होते तेव्हा ते जमिनीला टेकत नव्हते, आणि टेकले ते ओझं आल्यावर. हे मला त्या भिंतीशी समजलं आणि सहन झालं नाही. मी कोणावर चिडू? आई जाऊन वीस वर्षं झाली.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. हे वर असताना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. तिने कळशी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "मंग काकू, आपण कळशी फक्त रस्ता दाखवायला ठेवू. नंतर सोडू."

मार्चभर आम्ही तेच केलं. भरलेली कळशी, मग अर्धी, मग रिकामी, मग नुसता हात कमरेवर. पाय अडला तर काय करायचं तेही तिने शिकवलं. जोर लावायचा नाही. पुढे ढकलायचं नाही. आधी उभ्या जागी डावीकडे-उजवीकडे डुलायचं, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर, आणि हलक्या झालेल्या पायाने पाऊल टाकायचं. माझ्यासारख्या घाईच्या बाईला थांबून डुलायला सांगणं म्हणजे शिक्षाच. पाण्यात ते सोपं होतं, पाणी स्वतःच डुलवतं. घरी फरशीवर मी चार वेळा डुलायचे आणि पाचव्या वेळी वैतागून पाय ओढायचे. एकदा दिवाणावर आपटले. त्या दिवसानंतर आठवडाभर हे आंघोळीला जाताना दार उघडं ठेवून जायचे, माझ्यावर नजर राहावी म्हणून.

एप्रिलमध्ये बोअरने मान टाकली. मला वाटलं, संपलं, अजून जमिनीवर चार पावलं धड नाहीत. मी त्या मुलीला म्हटलं, "टँकर मागव." माझ्या तोंडून हे निघालं आणि माझीच मला शरम वाटली. ती म्हणाली, "टँकर नको. कमी पाणीच आपल्या कामाचं आहे." टाकी एकदम रिकामी न करता दर तीन-चार दिवसांनी ती वीतभर पाणी सोडायची. मागच्या गल्लीतल्या बाया लादी पुसायला, भांड्यांना म्हणून बादल्या घेऊन उभ्या असायच्या. ते बघून मला जरा बरं वाटायचं.

छातीएवढं पाणी कमरेएवढं झालं. पाणी जेवढं उतरायचं तेवढी मी जड व्हायचे. मांडीएवढं झालं तेव्हा पाय पुन्हा अडायला लागले आणि मी दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्कूटर काढून हॉर्न वाजवत ठेवला, गल्लीला ऐकू जाईल असा. गुडघ्याएवढ्या पाण्यात मी डुलत डुलत गेले. घोट्याएवढ्या पाण्यात छपछप आवाज यायचा आणि त्या आवाजावर पाऊल पडायचं. आणि एप्रिलच्या शेवटच्या दिवशी टाकी कोरडी होती, पुसून काढलेली.

कोरड्या टाकीत उतरायला मला भीती वाटली. खरंच वाटली. वीस फूट लांब नुसता खड्डा, आणि मी त्यात. मुलगी पलीकडच्या टोकाला उभी. हे वरती, शिडीपाशी. "सहा फेऱ्या, काकू. दांड्याला हात नाही." चार झाल्या. पाचव्या फेरीला टाकीच्या मधोमध पाय खिळले. मी डुलले. काही नाही. पुन्हा डुलले.  वरून शिडीचा आवाज आला. हे उतरत होते.

"थांबा!" मी ओरडले. गोदामात ते दोनदा घुमलं.

हे दुसऱ्या पायरीवर थांबले. एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी. मी त्यांच्याकडे बघत डुलले, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.  मग डावा पाय सुटला. मी भिंतीपर्यंत गेले, वळले, वळतानाही पुन्हा अडले, पुन्हा डुलले, आणि सहावी फेरी पुरी केली. तेव्हा मला दिसलं, की हे अजून तसेच एका पायावर शिडीवर उभे होते.

कंपवात बरा झाला नाही, होणारही नाही. त्या मुलीनेही मला तसं कधी खोटं सांगितलं नाही. बाहेर पडताना तिने घरी करायचे व्यायाम लिहून दिले, आणि पावसानंतर या म्हणाली.

स्कूटर दारात नव्हती. ऊन म्हणून ह्यांनी ती गल्लीच्या टोकाला, दूरच्या कडुलिंबाखाली लावली होती. मी सवयीने दंड पुढे केला. ह्यांनी तो धरला नाही. किल्ली खिशातून काढली, "चल" म्हणाले आणि चालायला लागले.

लग्न झाल्यापासून हा माणूस बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर माझ्यापुढे दहा पावलं चालत आला. आमच्याकडचे पुरुष चालतातच तसे. त्यावरून मी किती भांडले असेन, मी काय तुमच्यामागची शेळी आहे का, म्हणून. आजार झाला आणि ते थांबलं, मग फक्त दंड. आज ते परत पुढे निघाले होते. हमालांच्या हातगाड्या मधून जात होत्या. मी एकदा अडले, उभ्या गल्लीत डुलले, एक हमाल बघून हसला, मी निघाले. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. मान इतकी ताठ धरली होती, की न बघण्याला किती जोर लागतोय हे मला मागून दिसत होतं.

मी दहा पावलांचं अंतर ठेवून मागून चालत राहिले.